खटपटीचं पान : बत्तीस अक्षरांची खिडकी

आज जरा सुरांची खटपट करू.

परवा शेजारचा सहावीतला मुलगा टीव्हीची वायर घेऊन आला. "काका, ही सिंथेसायझरला कुठे लावायची?"

झालं होतं असं, की त्याच्या आजोबांनी आयुष्यभर पेटी वाजवली. आता घरी यामाहाचा जुना डीएक्स-७ आलाय. आजोबांची बोटं अजून झकास चालतात, नजर मात्र थकलीय. आवाज बदलायची वेळ आली, की "तूच बघ रे बाबा" म्हणून उठून जातात. नातवाला नेमकं तेच नको होतं.

डीएक्स-७ आला १९८३ साली. त्याच्या खिडकीत दोन ओळी, प्रत्येकीत १६ अक्षरं. एक आवाज घडवायला शंभराहून जास्त आकडे लागतात, पण खिडकीत एका वेळी दिसतो त्यातला एकच. कुलपाच्या भोकातून अख्खी जत्रा बघायची म्हणा ना!

मग टीव्ही का नाही लावायचा? रोलँडच्या एस-५० सारख्या काही वाद्यांना पडदा जोडायची सोय होती. डीएक्स-७ ला ती नाही. मोबाइलचा कॅमेरा खिडकीसमोर धरून चित्र टीव्हीवर आणता येईल. अक्षरं मोठी होतील, पण आकडा दिसणार तो एकच. भोक मोठं झालं, जत्रा तेवढीच!

खरी गंमत वाद्याच्या मागे आहे. तिथे पाच टोचांच्या गोल खाचा असतात. त्यांचं नाव मिडी. मिडीतून आवाज जात नाही की चित्र जात नाही. जातात फक्त आकडे! कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कुठली मांडणी बदलली, असे निरोप.

आता करा गणित. एका आवाजाची सगळी माहिती, नाव धरून, १५५ बाइट. निरोपाचा पत्ता वगैरे मिळून १६३. मिडीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका बाइटला १० बिट लागतात. मग वेळ किती? सेकंदाचा जेमतेम विसावा भाग! एवढ्यात सगळे आकडे कॉम्प्युटरकडे पोचतात आणि चित्र तो स्वतःच काढतो, हवं तेवढं मोठं. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी कॉम्प्युटरला मिडीच्या खाचा मुळातच होत्या, म्हणून वादकांचा तो लाडका.

आम्ही मिडी-यूएसबी वायर आणली, कॉम्प्युटरवर डीएक्स-७ चा प्रोग्रॅम घातला. पडदा कोराच! वाद्यातली असे निरोप पाठवायची परवानगी द्यायला आम्हीच विसरलो होतो. ती दिली, आणि सगळे आकडे, सगळे आलेख एकदम समोर.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. एक आकडा बदलला, पट्टी दाबली. "हं, जरा कर्कशच झाला." पुन्हा बदलला. नातू मदतीला पुढे झाला, तर म्हणाले, "थांब रे, मला बघू दे की!"

तो गुपचूप बाजूला झाला. हसत होता मात्र.

तुमच्याही घरात अशी इवलीशी खिडकी असेल, घड्याळाची, मीटरची, रेडिओची. ती कुणाला दिसत नाही ते शोधा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या अंकात!