आम्ही केले की ‘जुगाड’, त्यांनी केले की ‘इनोव्हेशन’?

मागच्या महिन्यात आमची २००८ साली केलेली एक छोटी फिल्म पुन्हा दाखवली गेली. वस्तीतल्या सफाई कामगार आयाबायांच्या मुलाखती, चाळीस मिनिटे. नंतरच्या चर्चेत एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी एक चौकट पडद्यावर थांबवायला लावली आणि विचारले, "त्या काळात तुमच्याकडे असला कॅमेरा कुठून आला?" आम्ही खरे ते सांगितले. कॅमेरा मिनी-डीव्हीचा साधा हँडिकॅम. त्याच्यापुढे भंगारातल्या स्टिल कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स. दोघांच्या मध्ये आम्ही घरी बनवलेला अडॅप्टर. गृहस्थ खूश झाले. "वा! काय जुगाड आहे!" टाळ्या पडल्या. आमच्यातलेही दोघे-तिघे हसले.

तो शब्द घशात अडकला आहे, म्हणून हा लेख.

जुगाड म्हणजे काय? मोजमाप न करता, नियम न कळता, हाताला लागेल ते जोडून कसेबसे चालवलेले. चालले तर वाहवा, नाही चालले तर ‘यांच्याकडून आणखी काय होणार’. वरवर कौतुकाचा वाटणारा हा शब्द आमच्या हातातले ज्ञान शिताफीने काढून घेतो. करणाऱ्याला हुशार म्हणायचे, पण जाणता म्हणायचे नाही. म्हणून आधी त्या डब्यात काय होते ते सांगतो, मग जुगाड कशाला म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्याची अडचण साधी होती. आतला सेन्सर नखाएवढाही नव्हता. बऱ्यापैकी म्हणवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यातही तो सुमारे ४.८ बाय ३.६ मिलिमीटरचा, हौशी हँडिकॅममध्ये त्याहून लहान. स्टिल फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढा, पन्नासपट फरक निघतो. सेन्सर इतका लहान की बोलणाऱ्या बाईच्या नाकापासून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत सगळे एकसारखे ठसठशीत. नजर कुठे थांबवायची हे छायाचित्रकाराच्या हातात राहतच नाही. सिनेमात चेहरा पुढे येतो आणि मागचे विरघळते, ते मोठ्या चौकटीमुळे आणि मोठ्या लेन्समुळे. तशा कॅमेऱ्याचे एका दिवसाचे भाडे आमच्या सगळ्या फिल्मच्या खर्चापेक्षा जास्त होते.

यावर तोड निघाली होती. जर्मनीतल्या पी अँड एस टेक्निक कंपनीने ‘मिनी ३५’ नावाचे यंत्र काढले. पुढची मोठी लेन्स आपली प्रतिमा एका घासलेल्या काचेवर पाडते आणि मागचा लहान कॅमेरा ती काच जवळून चित्रित करतो. चित्रावरून चित्र, बस्स. किंमत अर्थातच आपल्यासाठी नव्हती. मग अमेरिका-युरोपातल्या हौशी मंडळींनी तेच तत्त्व घरी वापरले. कुणी सीडीची पारदर्शक चकती घासून मोटरवर फिरवली, कुणी दोन काचांमध्ये मेण ओतले. त्यातूनच लेटस, रेडरॉक अशी नावे बाजारात आली. त्या लोकांना आजही कल्पक, प्रयोगशील, पायोनियर म्हणतात. म्हणावेच. आमचा प्रश्न एवढाच आहे की तीच काच, तीच मोटर वस्तीत आली की तिचे नाव का बदलते?

आता आमचा डबा. लेन्स मिळाली पुण्याच्या जुन्या बाजारात, एका मेलेल्या पेंटॅक्सच्या अंगावर. कॅमेरा फोडून त्याचा माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची पुढची कडी, काढून घेतला. काच आम्ही घासली. दोन साध्या काचा, मध्ये पाणी आणि ॲल्युमिनियम ऑक्साईडची पूड, इंग्रजी आठाच्या आकारात हात फिरवायचा. पूड जाड असेल तर काचेचे दाणे चित्रात दिसतात. फार बारीक घेतली तर काच नीट उजेड पसरवत नाही, मधोमध उजळ डाग पडतो आणि कोपरे काळवंडतात. या दोहोंच्या मधली जागा सापडेपर्यंत अकरा काचा वाया गेल्या. काच नेहमी ओलीच घासा आणि तोंडावर मास्क लावा. तत्त्वज्ञ स्पिनोझाला १६५६ साली ॲमस्टरडॅमच्या त्याच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केले. पुढे तो लेन्स घासून पोट भरत राहिला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या फुप्फुसाच्या दुखण्याला काचेची धूळ कारणीभूत असावी असे मानतात. बहिष्कृत माणूस हाताने काच घासतो आणि डोक्याने युरोपला हादरवतो, ही गोष्ट आपल्या पोरांना कुठल्याच शाळेत सांगत नाहीत.

काच स्थिर ठेवली तर दाणे चिकटून बसल्यासारखे दिसतात, म्हणून ती हलती ठेवावी लागते. त्यासाठी मोबाईलच्या व्हायब्रेटरची मोटर आणि दोन पेन्सिल सेल लावले. काच रबरावर अशी बसवायची की ती वर-खाली, डावी-उजवीकडे थरथरेल, पण पुढे-मागे नाही. पुढे-मागे हलली की फोकसच हलतो. मोटरची घरघर कॅमेऱ्याच्या माईकमध्ये येते, तेव्हा आवाज वेगळा घ्यायचा. मागच्या बाजूला हँडिकॅमला इतक्या जवळचे दिसत नाही, म्हणून +१० ची काच. मोतीबिंदूच्या जुन्या पद्धतीच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्यांना जो जाडजूड भिंगांचा चष्मा मिळायचा, त्याच नंबराची. +१० म्हणजे फोकल लांबी १०० मिलिमीटर, तेव्हा घासलेली काच त्या भिंगापासून १०० मिलिमीटरवर आणि कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर. एकेरी भिंगाने कडांना रंगीत झालर येते. दोन काचा चिकटवलेले ॲक्रोमॅट मिळाले तर तेच घ्या, आम्हाला परवडले नाही. चित्र उलटे येते, म्हणून छोटा टीव्ही उलटा टांगून शूटिंग करायचे. जग उलटे टांगलेले बघायची सवय आम्हाला आधीपासून होतीच.

हे सगळे जुळवून पहिला अडॅप्टर आम्ही पीव्हीसी पाईपमध्ये बसवला, हॅकसॉने कापून, आणि ६ डिसेंबरला दादरला गेलो. शिवाजी पार्कच्या रांगेत दिवसभर शूट केले. घरी येऊन टेप लावली. समोर बसलेल्या आजी सुरेख. त्यांच्या मागची रांग, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, सगळे धुके. लेन्सची कडी शेवटपर्यंत फिरवून घेतलेली दृश्येसुद्धा धुके. लाखो माणसांचा दिवस आणि आमच्या कॅमेऱ्यात जवळची चार माणसे.

आमच्यातले तिघे पदवीधर होते, एक तर मास कम्युनिकेशनवाला. तिघांनी मिळून निष्कर्ष काढला: लेन्स खराब आहे. नवी घेऊ.

वस्तीतलेच एक काका एमआयडीसीतल्या वर्कशॉपात टर्नर होते. आयटीआय झालेले, लेथवर तीस वर्षे. आम्ही डबा त्यांना दाखवला तो नुसता बढाई मारायला. त्यांनी व्हर्नियर लावला आणि विचारले, "लेन्स टेकते तिथून काचेपर्यंत किती पाहिजे?"

"साधारण साडेपंचेचाळीस, काका."

"साधारण म्हणजे?"

पेंटॅक्सच्या त्या माउंटचे अंतर ४५.४६ मिलिमीटर असते. निकॉनचे ४६.५, कॅनन ईएफचे ४४. दर कंपनीचे वेगळे, आणि त्यात ‘साधारण’ला जागा नाही. आमचा पाईप अर्धा मिलिमीटर लांब होता. अर्ध्या मिलिमीटरने काय होते? फोकल लांबीचा वर्ग भागिले चूक: २५०० भागिले अर्धा, म्हणजे ५००० मिलिमीटर. लेन्स अनंताच्या खुणेवर नेऊन ठेवली तरी ती फार तर पाच मीटरवर फोकस करणार. त्यापलीकडचे कधीच नाही. चैत्यभूमीची रांग पुसली गेली ती हॅकसॉच्या अर्ध्या मिलिमीटरने, आणि आम्ही दोष देत होतो लेन्सला.

काकांनी तीन रविवार घालवून ॲल्युमिनियमच्या रॉडमधून नळी काढली. बोअर केले, मागे हँडिकॅमसाठी ३७ मिलिमीटरचे आटे पाडले, आत काळा मॅट रंग दिला, आणि काचेची कडी आट्यांवर बसवली म्हणजे अंतर फिरवून जुळवता येईल. मग गच्चीवर जाऊन लांबच्या पाण्याच्या टाकीवर लेन्स धरली, कडी अनंतावर, आणि टाकीची शिडी काचेवर चरचरीत उमटेपर्यंत फिरवत राहिले. तिथे स्क्रू आवळला. सांगा आता, यात जुगाड कुठे आहे? हे भौमितिक प्रकाशशास्त्र आहे आणि शंभराव्या हिश्शात बोलणारे यंत्रकाम आहे.

आता आमचे पाप.

फिल्मच्या शेवटी नावे आली. संकल्पना, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन: आम्ही पदवीधर. काकांचे नाव ‘विशेष आभार’मध्ये, मंडप आणि चहावाल्यांच्या यादीत. पहिल्या शोनंतर काका एवढेच म्हणाले, "पोरांनो, माझं नाव आभारात कशाला रे? मी काय चहा पाजला का तुम्हाला?"

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये श्रमविभागणीच्या सबबीची चिरफाड केली, ती आम्हाला पाठ होती. कामे वाटून घेणे वेगळे आणि काम करणाऱ्यांनाच पायरीपायरीने एकमेकांपासून तोडणे वेगळे, यावर आम्ही शिबिरांत तासतासभर बोललो आहोत. आणि आमच्याच फिल्मच्या शेवटच्या एका मिनिटात आम्ही ती पायरी बांधली. डोके वर, हात खाली. ब्राह्मणी व्यवस्था बाहेर शोधत फिरणाऱ्यांनी कधी आपली श्रेयनामावलीही वाचावी. ‘जुगाड’ म्हणणाऱ्या गृहस्थांवर आम्ही चिडलो, पण त्यांच्या आधी तोच हिशेब आम्ही केला होता. त्यांनी त्याला फक्त शब्द दिला.

काही मित्र म्हणतात, हा इतिहास उगाळून उपयोग काय? सप्टेंबर २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क टू जाहीर झाला, स्टिल कॅमेऱ्याच्या मोठ्या सेन्सरवरच व्हिडिओ मिळू लागला आणि दोन-तीन वर्षांत असले अडॅप्टर अडगळीत गेले. बरोबर आहे. आमचाही गेला. जुना मिररलेस कॅमेरा मिळत असेल तर जरूर घ्या, गरिबीचे कौतुक आम्हाला करायचे नाही. पण आज ज्या पोरांच्या हातात फोन आहे, त्या फोनचा सेन्सर पुन्हा लहानच आहे. त्यातली ‘पोर्ट्रेट’ची धूसरता काचेची नाही. सॉफ्टवेअर अंदाज बांधते की माणूस कुठे संपतो आणि मागचे कुठे सुरू होते. आजीच्या पदराची कड, मोकळे केस ते सर्रास मागच्या भिंतीत ढकलते. कोण पुढे, कोण मागे हा निर्णय तुमच्या वतीने कुणीतरी घेऊन ठेवलेला असतो.

आणि हा निर्णय लहान नाही. अडॅप्टर नीट झाल्यावर आम्हाला धूसरतेचे वेडच लागले होते. प्रत्येक बाई सुंदर, प्रत्येक मागचे मऊ. संकलनाला बसल्यावर लक्षात आले की मऊ झालेले काय आहे: नळावरची रांग, तुंबलेले गटार, दारावरचा बाबासाहेबांचा फोटो. त्या बाईचे दुःख आम्ही तिच्या वस्तीपासून तोडून नुसते देखणे केले होते. सिनेमावाल्यांच्या रूपाची हाव धरली की त्यांची नजरही मागोमाग येते. पुन्हा गेलो, लेन्स एफ ४ वर आणली आणि माणूस मागे सरकवून भिंतीला लागून बसवला. एफ ४ च्या पुढे बंद केली की काचेचे दाणे डोके वर काढतात, त्यात काच एक-दोन स्टॉप उजेड आधीच खाते, म्हणून सगळ्या मुलाखती अंगणात, सकाळच्या उन्हात केल्या. पडद्यावर थांबवलेली ती चौकट त्यातलीच होती. गृहस्थांना त्यात कॅमेरा दिसला. नळ दिसला की नाही, कोण जाणे.

‘मूकनायक’ १९२० साली निघत होता तेव्हा पैसे मोजून जाहिरात द्यायची तयारी असूनही ‘केसरी’ने ती छापली नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. छापखाना म्हणजे केवळ अग्रलेख नव्हे. खिळे जुळवणारे, यंत्र चालवणारे, शाई लावणारे हातही त्यात आले. आपल्या यूट्यूब चॅनेलवाल्या मित्रांना आम्ही विचारतो: तुमच्या टीममध्ये लेथ चालवणारा, वायरिंग करणारा, शिवणयंत्रावर बसणारी कोणी आहे का? असेल तर तिचे नाव कुठे येते?

आम्ही फिल्मची नामावली बदलली आहे. काकांचे नाव आता छायाचित्रणाच्या ओळीत आहे, ‘प्रकाशयंत्र रचना आणि बांधणी’ या श्रेयासह. ते बघून काका म्हणाले, "सोळा वर्षं लावली रे एक ओळ बदलायला." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

ते आता निवृत्त आहेत. फोनसाठी नवा अडॅप्टर करायचा म्हणून परवा त्यांनी रॉडचा तुकडा आणून ठेवला आहे. फोन धरायच्या चौकटीचा आराखडा दोन मुली करताहेत, एक डिप्लोमावाली आणि एक बारावीची. ज्यांना यायचे आहे त्यांनी जुनी लेन्स असेल तर आणावी, कुठल्याही माउंटची चालेल, अंतर आम्ही मोजून घेऊ. मास्क मात्र प्रत्येकाने आपापला आणावा.