कुत्र्यांना बंदी नको, वेळ ठरवून द्या

संपादक महोदय,


सुट्टीत पाळीव कुत्री घरीच ठेवावीत, असं सुचवणारं एका वाचकाचं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलंत. बागेत किंवा चौपाटीवर मुलाबाळांना घेऊन जावं तर कुणाचं तरी लॅब्राडोर अंगावर येतं, तेव्हा मे महिन्यात सार्वजनिक जागी कुत्र्यांना सरसकट बंदी घाला, अशी त्यांची मागणी आहे. त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर लोणावळ्याकडच्या एका रिसॉर्टची जाहिरात होती. तुमच्या लाडक्यालाही सोबत आणा, असं मोठ्या अक्षरांत, आणि लाडक्याचं भाडं वेगळं, असं बारीक अक्षरांत. थोडक्यात, कुत्रं पाळणाऱ्या कुटुंबानं सुट्टीत एकतर घरी बसावं, नाहीतर खिसा मोकळा करावा. यापलीकडे एक वाट आहे आणि तिला जवळपास काहीच खर्च नाही, म्हणून हे पत्र.

सध्या ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याचंच कुत्रं सहलीला जातं. रेल्वेचा नियम बघा. कुत्र्याला डब्यात सोबत घ्यायचं तर प्रथम वर्गातला दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर हवी. टू टियर, थ्री टियर, स्लीपर यांत कुत्रं चालत नाही. ते परवडत नसेल तर गार्डच्या डब्यातली पेटी आहे, पण मे महिन्यात दुपारच्या गाडीला त्या पेटीत आपलं जनावर कोंडायला कुणाचा जीव धजावेल? शेजाऱ्यांकडे ठेवावं तर शेजारीही गावी गेलेले असतात. आमची चिंगी रस्त्यावरून उचलून आणलेली गावठी कुत्री. तिच्यासाठी रिसॉर्टचं भाडं भरणं मला जमणार नाही, आणि जमलं तरी मी भरणार नाही. तिला पोहण्याचा तलाव नको असतो, हुंगायला चार झाडं पुरतात.

आता आमच्या बाजूच्या लोकांना न आवडणारं थोडं सांगते. काही जागी कुत्रं नेऊच नये, आणि तिथली बंदी मला शंभर टक्के मान्य आहे. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं यांत पहिली. पट्ट्यात धरलेलं, गुणी कुत्रंही मागे रोग ठेवून येऊ शकतं. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा मुळात कुत्र्यांचा आजार. माळरानावरही हेच. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि 'जरा मोकळं धावू दे' म्हणून सोडलेलं कुत्रं ती अंडी क्षणात फस्त करतं. वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि पिल्लं बाहेर पडण्याचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्यापासून वाचवण्यासाठीच तिथले लोक अंडी कुंपणात नेऊन सांभाळतात. त्या वाळूत आपला टॉमी उकरायला सोडून फोटो काढणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही.

गडांबद्दल बहुतेकांना माहीत नसतं. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असलेल्या संरक्षित स्मारकांत, देखभालीच्या कामाखेरीज, कोणताही प्राणी आणायला १९५९ च्या नियमांनुसार मनाई आहे. रायगड, शिवनेरी, लोहगड हे सगळे त्यात आले. (ज्या रायगडावर कुत्र्याचं स्मारक आहे, त्याच रायगडावर कुत्रं नेता येत नाही, याची मला गंमत वाटते. त्या स्मारकाच्या इतिहासाचा वाद मोठा आहे, त्यात मी पडत नाही.)

पण हे सगळं वगळूनही बरंच उरतं. महापालिकेच्या बागा, तलावांचे काठ, नदीकाठचे रस्ते, कासवं येत नाहीत असे किनारे. आपल्याकडच्या बहुतेक बागांच्या दारावर 'कुत्र्यांना आत आणू नये' अशी पाटी असते आणि तिथे विषय संपतो. किनाऱ्यांवर तर गंमतच आहे. घोडागाडी चालते, उंट चालतो, चार चाकांच्या बाइक माणसांमधून भरधाव जातात, आणि डोळ्यांत खुपतं ते पट्ट्यातलं कुत्रं. बंदी असली म्हणून कुत्री यायची थांबत नाहीत. ती आडवेळी येतात, पट्टा न लावता येतात, आणि येणाऱ्याला नियम सांगणारं कुणी नसतं, कारण कागदोपत्री तो आलेलाच नसतो.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की जागा वाटून देता येत नसेल तर वेळ वाटून द्या. सुट्टीच्या दिवसांत सूर्योदयापासून आठ वाजेपर्यंत ठरावीक बागांचा ठरावीक भाग आणि ठरावीक किनारे पट्ट्यातल्या कुत्र्यांसाठी खुले ठेवा. त्यानंतर दिवसभर बंदी, आणि ती काटेकोर. ब्रिटनमधल्या अनेक किनाऱ्यांवर उन्हाळी मोसमात दिवसाच्या गर्दीच्या वेळी कुत्र्यांना मनाई असते आणि सकाळ-संध्याकाळ मोकळीक असते. हैदराबादच्या महापालिकेनं २०१८ साली कोंडापूरला कुत्र्यांसाठी वेगळं उद्यानच उभं केलं. तेही चांगलं, पण त्याला जमीन लागते, निविदा लागतात. वेळ ठरवायला एक पाटी पुरते.

ही सकाळची वेळ मी कुत्र्यांच्याच भल्यासाठी मागते आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जो येतो तो पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. विदर्भात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा काय होत असेल ते सांगायला नको, पण मुंबईत आणि कोकणात पारा पस्तिशीच्या आत असला तरी हवा दमट असते आणि दमट हवेत धापांनी अंग निवत नाही. पग, शिह्त्झू यांसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर मुळातच नीट श्वास घेता येत नाही. दुपारच्या डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, म्हणजे त्यांच्या पंजांना काय होतं ते कळेल. आणि 'आम्ही जेवून येतो, गाडी सावलीत लावली आहे, काच बोटभर उघडी आहे' असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं. बोटभर काचेनं त्यात फारसा फरक पडत नाही. भर दुपारी कुत्र्याला सहलीला नेणाऱ्याला दंड झाला तर मी त्याची बाजू घेणार नाही. सकाळी आठनंतर कुत्र्यानं घरात फरशीवर पसरावं आणि मुलांनी पत्ते खेळावेत, यातच दोघांची सुट्टी बरी जाते.

सकाळची वेळ म्हटल्यावर ज्येष्ठ नागरिक नाराज होतील, हे मी जाणून आहे. त्या वेळी बागा त्यांच्या असतात. पण बागेत हास्यक्लबला एक कोपरा मिळतो, योगासनांना एक मिळतो, तसा कुंपण घातलेला एक कोपरा आणि शक्यतो वेगळं फाटक आम्हालाही मिळावं. चालण्याच्या पट्ट्यावर आम्ही येणार नाही.

पत्रलेखकांची खरी तक्रार भीतीची आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. कुत्र्याला घाबरणारं मूल असलं की आईबाप सतत इकडेतिकडे बघत असतात. पण आज त्यांना कुत्रं कधी समोर येईल हे ठाऊक नसतं, वेळ ठरली की ते ठाऊक होईल. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न त्यांनी यातच घातला आहे, तो मात्र वेगळा आहे. त्यासाठी निर्बीजीकरण आणि रेबीजचं लसीकरण महापालिकेनं नेटानं करायला हवं. दरवर्षी लस टोचलेलं, पट्ट्यात चालणारं घरचं कुत्रं बागेबाहेर ठेवून तो सुटणार नाही.

आमचे लोक शिस्त पाळतील का, या शंकेला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बेंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये २०२२ साली पाळीव कुत्र्यांवर बंदी जाहीर झाली होती. पट्टा न लावणं आणि घाण न उचलणं, याच तक्रारी. विरोध झाल्यावर बंदी मागे घेतली गेली, तरी तक्रारी करणाऱ्यांचं काही चुकलं होतं असं मला वाटत नाही. कुत्र्याची विष्ठा म्हणजे खत, असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवलं आहे. ते खत नव्हे, त्यातून जंत पसरतात, आणि लहान मुलं त्याच मातीत खेळतात.

तेव्हा सवलतीसोबत अटी घाला. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि त्या वर्षीच्या लसीची नोंद फाटकावर दाखवल्याशिवाय आत सोडू नका. पट्टा दोन मीटरहून लांब नको, मोठा माणूस सोबत नसेल तर मुलांच्या हाती कुत्रं देऊन पाठवू नये, आणि पिशवी नसलेल्याला परत पाठवावं. परवाना काढणारे आज थोडे आहेत, कारण तो काढून पदरात काही पडत नाही. बागेचं फाटक त्यावर उघडतं म्हटल्यावर रांगा लागतील.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. तोवर एका प्रभागातल्या एका बागेत तरी हा प्रयोग करून पाहावा, आणि महिनाभरात किती तक्रारी आल्या, किती पावत्या फाडल्या, ते महापालिकेनं जाहीर करावं. पावती माझ्या नावाची निघाली तर तीही त्यात धरावी.

आपली,
एक वाचक,
चिंचवड, पुणे