स्पीकर घुमतोय? आधी प्लगची तिसरी पिन तपासा

रात्री पंखा बंद होतो, गाणेही थांबते, तरी संगणकाशेजारचा स्पीकर ‘घूंऽऽ’ करत राहतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात हजार-बाराशे रुपयांच्या स्पीकरबद्दलची ही नेहमीची तक्रार. त्यावरचा निष्कर्षही ठरलेला : माल हलका, भंगारात द्या आणि मोठ्या आकड्याचा नवा आणा. नवा आणल्यावर दोन दिवसांत तोही घुमू लागतो. कारण दोष अनेकदा स्पीकरमध्ये नसतोच. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो आणि तिथे प्रश्न फक्त गाण्याचा राहत नाही.

हा आवाज येतो कुठून?

आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची असते. स्पीकरमधली घुमण म्हणजे याच विजेचा सूर. तो 50 किंवा त्याच्या दुप्पट, 100 हर्ट्झवर ऐकू येतो. तो स्पीकरच्या आतून येतो की बाहेरून, हे दोन मिनिटांत कळते. स्पीकरचा जॅक संगणकातून काढून बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलला किंवा चार्जर काढलेल्या लॅपटॉपला लावावा. घुमण तशीच राहिली तर स्पीकरच्या आतला कपॅसिटर थकला आहे. ती थांबली तर स्पीकर निर्दोष आहे. जॅक नुसता हवेत लोंबकळत ठेवून निकाल देऊ नये. मोकळी वायर आसपासची घुमण स्वतःच ओढून घेते.

ही चाचणी केल्यावर संशय संगणकाकडे वळतो. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून आणि दोन्ही संगणकाच्या धातूच्या कॅबिनेटला जोडलेले. गाळलेली गळती तिसऱ्या पिनमधून जमिनीत जावी, अशी ही रचना असते. तिसऱ्या पिनला वायरच नसेल तर ती गळती कॅबिनेटवरच अडकते आणि तिथे साधारण निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपासचा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो, त्यामुळे माणूस फेकला जात नाही. मात्र अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. ‘आमचा कॉम्प्युटर थोडा करंट मारतो’ हे वाक्य अनेक घरांत हसत सांगितले जाते. तोच करंट जॅकच्या वायरमधून स्पीकरपर्यंत पोहोचला की घुमण ऐकू येते.

या तिन्ही शहरांत हे का जाणवते, याचे उत्तर घरांच्या इतिहासात आहे. उल्हासनगर उभे राहिले दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवले गेले आणि 1949 मध्ये वसाहतीला आजचे नाव मिळाले. पुढे बराकींची घरे झाली, घरांवर मजले चढले. विनापरवाना बांधकामे इतकी झाली की ती नियमित करण्यासाठी राज्याला 2006 मध्ये या शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. अशा टप्प्याटप्प्याने वाढलेल्या घरात वायरिंगही तसेच वाढते : जुन्या बोर्डातून एक लाइन ओढायची, तिच्यातून दुसरी. सॉकेटला भोके तीन दिसतात, मागे वायर दोनच. अंबरनाथ, बदलापूरच्या जुन्या चाळींतही हे चित्र अनोळखी नाही. नव्या टॉवरमध्ये तिसरी वायर असते. मात्र तळमजल्यावरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी शेवटचे कधी घातले, हे सोसायटीच्या बैठकीत विचारून पाहावे. माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो आणि अर्थिंग नावापुरते उरते.

आणखी एक वाट आहे, केबल टीव्हीची. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली केबल सेट-टॉप बॉक्सला येते, बॉक्स स्पीकरला जोडलेला असतो आणि दूरच्या इमारतीतली गळती तिच्यातून पाहुणी म्हणून घरात शिरते. बॉक्समागची केबल काढताच घुमण थांबली तर कारण सापडले. यावर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी बाजारात स्वस्तात मिळते. ती स्पीकरच्या वायरमध्ये लावली की भागते.

पिन काढली की आवाज थांबतो. मग अडचण काय?

घुमण दोन उपकरणांच्या अर्थिंगमुळे येत असेल, तर संगणकाच्या प्लगची तिसरी पिन कापल्यावर ती खरोखर थांबू शकते. तिथेच धोका सुरू होतो. उद्या पॉवर सप्लायमध्ये बिघाड होऊन फेज कॅबिनेटला चिकटली, तर फ्यूज किंवा एमसीबी उडवायला वाटच उरत नाही. 230 व्होल्ट कॅबिनेटवर वाट पाहत राहतात आणि त्याला पहिला हात बहुधा अभ्यासाला बसलेल्या मुलाचा लागतो. याहून वाईट जुगाड म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर अर्थच्या टोकाला जोडणे. घुमण कमी होते, टेस्टरही शांत राहतो. पण कुठेतरी न्यूट्रल तुटली की घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या उपकरणाचे धातूचे अंग जिवंत होते : फ्रिज, वॉशिंग मशिन, गिझर, सगळे.

त्यामुळे स्पीकरची घुमण ही तक्रार समजून दाबू नये, इशारा समजून तपासावी. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावे. मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते. महावितरणकडे बोट दाखवून हे काम पुढे ढकलता येत नाही. गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी याच फेरीत बसवून घेतला तर आणखी बरे. खर्च नव्या स्पीकरपेक्षा जास्त होईल, हे मान्य. तरीही तो आधी करावा.

खोक्यावरच्या हजारो वॉटचे काय?

‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद मुंबई परिसरात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. स्पीकरच्या खोक्यावरच्या थापेपुढे तो अगदीच निरागस वाटतो आणि ही थाप उल्हासनगरची नव्हे, जगभरची आहे. ‘2000 वॉट पीएमपीओ’मधल्या पीएमपीओला कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. क्षणाच्या एका तुकड्यात कागदावर निघू शकणारी ताकद, तीही प्रत्येक उत्पादकाच्या सोयीने. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती अॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत सलग ताकद सांगणे 1974 मध्येच बंधनकारक केले. आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवतो, तरी पीएमपीओ खोक्यावर सुखाने नांदतो. तो खोक्यावरून हटायला हवा. तो छापून ग्राहकाला काहीही कळत नाही, फक्त चुकीचे कळते.

तोवर एक साधा गुणाकार पुरतो. अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1 अँपियर लिहिले असेल तर तो जास्तीत जास्त 12 वॉट देतो. स्पीकर सलग त्याहून अधिक देऊच शकत नाही, मग खोके काहीही म्हणो. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरचे तर विचारूच नका. साध्या यूएसबी 2.0 पोर्टचा हिशेब 5 व्होल्ट, 500 मिलिअँपियर, म्हणजे अडीच वॉटवर संपतो. आणि वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. 5 चे 10 वॉट झाले तर वाढ 3 डेसिबलची, जेमतेम जाणवेल इतकी. कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते.

खोलीचा दोष किती?

बराच. 10 बाय 10 फुटांची खोली, सिमेंटच्या भिंती, खाली लादी, हा आपला ठरलेला सांगाडा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये 10 फूट अंतर असले की साधारण 56 हर्ट्झचा सूर तिथल्या तिथे साचतो. खोली चौरस असल्याने तो दोन्ही बाजूंनी साचतो. नेमका याच पट्ट्यात सबवूफर बोलतो, तोही जागेअभावी कोपऱ्यात किंवा टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेला. कोपरा खालचे सूर आणखी फुगवतो. मग ढोल ‘धम्म’ न वाजता ‘भुंऽऽम’ वाजतो आणि शेजारी भिंत ठोकतात. सबवूफर कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर काढला, खाली रबरी पाय किंवा जाड पायपुसणे दिले आणि त्याचे बटण निम्म्यावर आणले की फरक लगेच कळतो. छोटे स्पीकर मॉनिटरच्या मागे नकोत. ते दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीला, बसणाऱ्याकडे किंचित वळवून ठेवावेत. दोन जुनी जाड पुस्तके खाली दिली तरी चालते. पडदा, गादी, कपड्यांचा स्टँड असलेली खोली रिकाम्या खोलीपेक्षा बरी वाजते. पसारा इथे उपयोगी पडतो.

गायक गायब, बटण खरखरते

वाद्ये ऐकू येतात पण गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो, अशा वेळी बहुधा जॅक पूर्ण बसलेला नसतो. त्याचे अर्थचे टोक टेकले नाही तर डाव्या-उजव्या बाजूंतला फरक तेवढा ऐकू येतो. गायक दोन्हीकडे सारखा असल्याने तो वजा होतो. जॅक ‘टक्’ असा बसेपर्यंत दाबावा. एकच स्पीकर मुका असेल तर डावी-उजवी जोडणी अदलाबदल करून पाहावी. मुकेपणा दुसरीकडे सरकला तर स्पीकर ठीक आहे, दोष वायरचा किंवा अॅम्प्लिफायरचा.

पावसाळ्यात आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते ती आतल्या पट्टीवरच्या धुळीची आणि ओलाव्याची. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा आणि बटण वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवावे. खोबरेल तेल घालू नये (घालणारे आहेत). संगणकातला आवाज 80 टक्क्यांच्या आसपास ठेवून बाकीचा स्पीकरच्या बटणाने कमी-जास्त करावा. उलट केले की संगणकातली सूं-सूं मोठी होते. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमधले ‘एन्हान्समेंट’ एकदा बंद करून ऐकावे. त्याऐवजी ‘इक्वलायझर एपीओ’ हे मोफत सॉफ्टवेअर चांगले आहे. त्यात फुगलेला 50-60 हर्ट्झचा पट्टा चार-पाच डेसिबलने खाली ओढावा. तीन इंची स्पीकरवर खालचे सूर वाढवत बसू नये. त्याला ते झेपत नाहीत, तो फक्त फाटतो.

डोके फुगलेला कपॅसिटर बदलणे हे मात्र दुरुस्ती करणाऱ्याचे काम. कॅम्पमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते होते. सुट्या भागाची किंमत काही रुपयांत असते, मजुरी त्याहून जास्त. क्षमता तीच आणि व्होल्टेज तेवढेच किंवा वरचे असावे, एवढे सांगून ठेवावे.

मग नवा कधी घ्यावा?

ट्रान्सफॉर्मर जळाल्याचा वास येत असेल किंवा कागदी पडदा हलक्या आवाजातही घासत असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. दुकानात मात्र खोके वाचण्याआधी अडॅप्टर पाहावा आणि दुकानदाराचे डीजे गाणे बाजूला ठेवून मोबाइलमधले स्वतःच्या सवयीचे गाणे आणि बातम्यांची एखादी क्लिप लावून ऐकावी. निवेदकाचा आवाज स्वच्छ येत नसेल तर बाकी काही ऐकण्याची गरज नाही. आणि सारख्याच किमतीत सबवूफरसह तीन खोकी किंवा नुसती दोन, असा प्रश्न आला, तर 10 बाय 10 च्या खोलीसाठी दोनच घ्यावीत. त्याच पैशात दोन बऱ्यापैकी स्पीकर येतात. तिसऱ्या खोक्यासाठी ते दोन्ही हलके करावे लागतात.