मताची किंमत आणि राज्यांचा वाटा

लोकसभेत कोणत्या राज्याला किती जागा, या प्रश्नावर उत्तर विरुद्ध दक्षिण असा सामना लावला जात आहे. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये, हा त्यामागील हेतू. मार्च २०२५ मध्ये चेन्नईच्या बैठकीत अनेक राज्यांच्या नेत्यांनी ही गोठवणूक आणखी २५ वर्षे ठेवण्याची मागणी केली.

दक्षिणेची भीती खोटी नाही. पण बिहारच्या शेतमजुराच्या मताची किंमत केरळच्या मतापेक्षा कमी का, याही प्रश्नाला उत्तर हवे. एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व बाबासाहेबांनी देशाला दिले, ते काय फक्त भाषणापुरते?

या पेचावरचा उपायही बाबासाहेबांनीच १९५५ साली भाषिक राज्यांवरील ग्रंथात सुचविला. उत्तरेची राज्ये अवाढव्य आणि दक्षिणेची लहान, ही विषमता देशाच्या ऐक्याला घातक ठरेल, असे सांगून त्यांनी उत्तर प्रदेशचे तीन आणि बिहार व मध्य प्रदेशचे प्रत्येकी दोन भाग करण्यास सांगितले. २००० साली उत्तराखंड, झारखंड, छत्तीसगड झाले. २०११ साली मायावती सरकारने उत्तर प्रदेशच्या चार राज्यांचा ठराव विधानसभेत केला, तो दिल्लीत अडकला. राज्ये लहान केल्याने उत्तरेच्या एकूण जागा घटणार नाहीत हे खरे. परंतु ८० खासदारांच्या एकगठ्ठा बळावर दिल्लीची गादी ठरविण्याची एका राज्याची मक्तेदारी तुटेल.

जे राज्याराज्यांत, तेच राज्याच्या आत. २००८ च्या पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्याच्या विधानसभा जागा १३ वरून २४ झाल्या आणि विदर्भाच्या ६६ वरून ६२ वर आल्या. माणसे शहराकडे गेली, जागाही गेल्या. पण गाव सोडून गेलेल्या भूमिहीन मजुराचे नाव शहराच्या मतदार यादीत चढले काय? गावाने आमदार गमावला आणि झोपडपट्टीला तो मिळाला नाही, असे झाले तर फायदा कोणाचा?

त्याच पुनर्रचनेत महाराष्ट्र विधानसभेतील अनुसूचित जातींच्या राखीव जागा १८ वरून २९ झाल्या. ही कोणाची मेहरबानी नव्हती. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या, त्यामुळे त्यांची गणना या यादीत झाली आणि संख्येप्रमाणे जागा वाढल्या. मोजले गेले, म्हणून मिळाले!

म्हणून पुढची जनगणना म्हणजे केवळ सरकारी कागद नव्हे. उत्तर-दक्षिणेच्या भांडणात टाळ्या वाजविण्यापेक्षा आपल्या वस्तीतील प्रत्येक घर मोजले जाते की नाही आणि प्रत्येक नाव मतदार यादीत आहे की नाही, हे बहुजन समाजाने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. ज्याची मोजणी नाही, त्याला वाटणीत कोणी विचारत नाही.