जुलाब थांबल्यानंतर

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांत लहान मुलेही होती. काहींच्या शौच-नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. संगमनेरच्या मातापित्यांनीही हे जाणून घ्यावे. गढूळ पाणी कोणत्याही गावाच्या टाकीत शिरू शकते.

या विकाराची चाल फसवी असते. जुलाब थांबतात, आई निश्चिंत होते आणि एक-दोन आठवड्यांनी मूल जिना चढताना अडखळते. जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटलेली असते. दुर्बलता पायांकडून वर सरकते, कधी श्वासापर्यंत पोहोचते. अशा वेळी अशक्तपणा समजून मालिश करीत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इम्युनोग्लोब्युलिनचे उपचार लवकर मिळाल्यास अधिक गुणकारी ठरतात. बहुतेक मुले पुन्हा चालू लागतात.

हा जिवाणू कोंबडीच्या मांसातूनही पसरतो, म्हणून शाकाहारी घरे निर्धास्त असतात. पाण्याचे काय? गळण्याने पाणी गाळणे हा जीवदयेचा आचार खरा, परंतु जिवाणू त्या वस्त्रातून सहज पार होतात. ते उकळल्याने मरतात. साधु-साध्वी आणि तपस्वी यांच्यासाठी घरोघरी पाणी उकळले जातेच. शाळेच्या बाटलीत तेच भरावे, चातुर्मास संपल्यावरही.