‘फॉन्ट : मंगल’

सरकारी संकेतस्थळांच्या निविदा मी नोकरीत पुष्कळ वाचल्या. अक्षरांचा प्रश्न त्यांच्या परिशिष्टात एका ओळीत उरकलेला असतो : ‘फॉन्ट : मंगल’. ही ओळ कायदा, अर्थशास्त्र आणि मराठी या तिन्हींशी विसंगत आहे, असे माझे स्पष्ट (आणि अर्थातच वैयक्तिक) मत आहे.

मंगल विंडोजबरोबर येतो म्हणून तो फुकट, अशी कार्यालयांची समजूत असते. परवाना असतो तो संगणकावर वापरण्याचा. फॉन्टची फाइल सर्व्हरवर चढवून वाचकाच्या यंत्रापर्यंत पोहोचविणे हे वितरण होय. त्यास निराळा परवाना लागतो. फाइल न चढवता नुसते नाव लिहिले तर कायदा मोडत नाही, परंतु हेतूही साधत नाही. अँड्रॉइड फोनवर मंगल नसतो आणि विंडोज १० पासून तो तिथेही ऐच्छिक झाला आहे.

व्यावसायिक वेबपरवान्यांचे शुल्क पुष्कळदा पृष्ठदर्शनांवर ठरते. दहावीच्या निकालाला जितके पालक जास्त, तितके देयक मोठे! एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी उणी न होणारी वस्तू भाड्याने का घ्यावी? एसआयएल संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सची १.१ आवृत्ती २००७ सालची. फॉन्ट वापरा, बदला, वाटा, सर्व्हरवर ठेवा. मात्र तो सुटा विकू नका आणि बदललेल्या आवृत्तीला राखीव नाव देऊ नका. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ व ‘बलू’ याच परवान्याखाली मिळतात. ‘फुकटाची जबाबदारी कोण घेणार?’ असे लेखा शाखा विचारील. ती शंका रास्त आहे. पण त्यावर उपाय भाडे नव्हे, तर अक्षरकाराला दुरुस्तीचे चोख वेतन देणे हा आहे.

पेरुंगुडीत राहून तमिळांचा हेवा वाटतो तो इथेच. तमिळ व्हर्च्युअल अकॅडमी ही राज्य शासनाने उभारलेली संस्था युनिकोड फॉन्ट विनामूल्य देते. आपल्याकडेही राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ काढला. निविदा लिहिणाऱ्यांना तो आठवत नाही.

आणि मराठीचे काय? देठाचा श आणि पाकळीचा ल ही आपली रूपे. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने ती अधिकृतही केली. पण फॉन्टमध्ये ती रूपे नसतील, किंवा वेबपानाच्या मुळाशी भाषा म्हणून हिंदीचा संकेत नोंदला असेल, तर शासनाचेच पान हिंदी वळणाचे ल आणि श दाखविते. महाराष्ट्राबाहेर वाढणारी आपली मुले मराठी अक्षर बहुधा पडद्यावरच पाहतात. त्यांच्या दृष्टीने तेच मराठी वळण ठरते.

पुढील निविदेत फॉन्टचे नाव नको. मुक्त परवाना, मराठी रूपे, पानावर मराठीचा भाषासंकेत आणि शासनाच्याच सर्व्हरवर फाइल, एवढ्या चार अटी पुरेत. त्यांना नवा शासन निर्णय लागत नाही. कक्ष अधिकाऱ्याची टिप्पणी पुरते.