फुकटात तपासलेलं पाणी

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलपाशी दोरीने बांधलेलं एक रजिस्टर असतं. त्यात रोजची तारीख, पीएच आणि क्लोरीन. पीएच ७.४, क्लोरीन २.०. खाली सही. मागचं पान उलटलं तरी ७.४ आणि २.०. फेब्रुवारीत तळाच्या टाइल्स निघाल्या म्हणून दोन दिवस पूल पूर्ण रिकामा होता, त्या दोन्ही दिवसांचे आकडेही ७.४ आणि २.०. पूलमध्ये पाण्याचा थेंब नव्हता, पण पाण्याची गुणवत्ता उत्तम होती.

मी हे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तेव्हा हसण्याच्या इमोजी पुष्कळ आल्या. मग सेक्रेटरी काकांचा मेसेज आला : "अरे, ते रजिस्टर फॉर्मॅलिटी असतं. खरी टेस्ट महिन्याला दुकानात होते, मशीनवर. फुकट. प्रोफेशनल लोक आहेत ते."

माझं भांडण त्या 'फुकट'शी आहे. रजिस्टरशी नाही, आणि रजिस्टर भरणाऱ्या मुलाशी तर अजिबातच नाही. त्याला कुणी तपासायला शिकवलं नव्हतं, त्याच्याकडच्या टेस्ट किटमधल्या बाटल्या कधीच्या वाळल्या होत्या, आणि 'रकाना रिकामा सोडायचा नाही' एवढी एकच सूचना मिळाली होती. ती त्याने पाळली.

व्यवस्था अशी आहे. पूलची केमिकल्स विकणारं दुकान पूलच्या देखभालीचं वार्षिक कंत्राटही घेतं. तेच दुकान महिन्याला एक बाटली पाणी नेतं, मशीनवर तपासतं आणि छापील रिपोर्ट देतं. रिपोर्टच्या खालच्या अर्ध्या भागात काय काय घालायला हवं त्याची यादी असते, आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे त्याच दुकानाचा भाव असतो. मार्चच्या रिपोर्टमध्ये ही यादी अडतीस हजारांची होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण इथे आंधळ्याला पिठाचं बिलही येतं.

ही काही खास आपल्याकडची गंमत नाही. माझा कॉलेजचा मित्र टेक्ससमध्ये राहतो, त्याच्या घरामागे छोटा पूल आहे. तिथे तर पूल स्टोअरमध्ये बाटली घेऊन जाणं हा वीकेंडचा रिवाजच आहे. काउंटरवरचा उन्हाळी नोकरीवरचा मुलगा पाणी मशीनमध्ये घालतो आणि प्रिंटआउट देतो. मित्राला प्रत्येक वेळी फॉस्फेट काढायचं औषध विकलं जायचं. क्लोरीन नीट असेल तर शेवाळाला फॉस्फेट कितीही मिळो, ते तग धरत नाही, हे त्याला दोन वर्षांनी कळलं. त्याने थेंब मोजायचा एक किट घेतला आणि दुकानात जाणं बंद केलं. डिसेंबरमध्ये येताना तसाच एक किट त्याने माझ्यासाठी आणला, म्हणून हा लेख.

आता थोडं रसायनशास्त्र. कंटाळू नका, यातच सगळं आहे.

आपल्याकडे सर्रास दिसणारा दोन बाटल्यांचा किट असतो : एका बाटलीने पाणी पिवळं होतं, दुसरीने लालसर. पिवळा रंग म्हणजे क्लोरीन, असं आपण समजतो. पण तो ऑर्थोटोलिडीनचा रंग एकूण क्लोरीन दाखवतो. पाण्यात क्लोरीन दोन अवस्थांत असतं. एक मोकळं, जे जंतू मारतं. दुसरं घाम, लघवी यांतल्या नायट्रोजनला चिकटलेलं, म्हणजे क्लोरामाइन, जे जवळपास निकामी असतं. डोळे चुरचुरतात आणि पूलला तो 'क्लोरीनचा वास' येतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारामुळे. म्हणजे वास जोरात आला की "आज क्लोरीन मस्त टाकलंय" असं जे आपण म्हणतो, ते बहुतेकदा उलट असतं. पिवळा रंग या दोघांत फरक करत नाही.

थेंबांच्या किटमध्ये रंग ताडून बघायचा नसतो. दहा मिलिलिटर पाण्यात पावडर टाकली की ते गुलाबी होतं. मग एकेक थेंब टाकत जायचं. गुलाबी रंग पूर्ण गेला की थांबायचं आणि थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. तिसऱ्या थेंबाला रंग गेला, तर मोकळं क्लोरीन १.५. मग दुसरं रसायन घातलं की चिकटलेल्या क्लोरीनमुळे पुन्हा गुलाबी होतं, पुन्हा थेंब मोजायचे. मला यासाठी कुणाच्या डोळ्यांवर, मशीनवर किंवा शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. तीन थेंब हे तीन थेंब असतात, सेक्रेटरी काकांनी मोजले तरी.

आमच्या पूलमध्ये मोकळं निघालं १.५ आणि चिकटलेलं १.०. म्हणजे पिवळ्या रंगाच्या हिशेबाने अडीच. मार्चमध्येही साधारण असंच असणार. सगळे खूश. आणि तरीही भिंतींवर हिरवी बुळबुळ येत होती आणि माझ्या ताईचा सहा वर्षांचा मुलगा दर रविवारी लाल डोळे घेऊन घरी जात होता.

मग मी सायन्यूरिक आम्ल तपासलं. हे या गोष्टीतलं मुख्य पात्र आहे आणि दुकानाच्या एकाही रिपोर्टमध्ये त्याचा रकाना नव्हता.

उन्हात मोकळं क्लोरीन भराभर उडून जातं, दोन-तीन तासांत बरंचसं. सायन्यूरिक आम्ल त्याला धरून ठेवतं, म्हणून थोडं असलेलं चांगलं, ३० ते ५० पीपीएम. पण ते जास्त झालं की क्लोरीनला इतकं घट्ट धरतं की त्याला काम करता येत नाही. ढोबळ नियम असा की मोकळं क्लोरीन सायन्यूरिकच्या किमान विसाव्या भागाएवढं तरी हवं. आमचा आकडा किटच्या मोजपट्टीबाहेर होता. म्हणून एक भाग पूलचं पाणी आणि तीन भाग नळाचं पाणी असं करून पुन्हा मोजलं. ५५ आलं. गुणिले चार : २२०. म्हणजे आम्हाला ११ पीपीएम क्लोरीन हवं होतं आणि होतं दीड. रिपोर्ट मात्र समाधानकारक.

हे २२० आलं कुठून? टीसीसीए ९० नावाच्या ज्या पांढऱ्या गोळ्या आपल्या बहुतेक सोसायट्यांत वापरतात, त्यातून. ही गोळी म्हणजे क्लोरीन आणि सायन्यूरिक आम्ल यांचंच संयुग. तिने १० पीपीएम क्लोरीन दिलं की मागे ६ पीपीएम सायन्यूरिक राहतं. क्लोरीन संपतं, हे संपत नाही. बाष्पीभवनाने जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. आमचा पूल १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल : एक लाख साडेबारा हजार लिटर. रोज २ पीपीएम क्लोरीनसाठी पाव किलो टीसीसीए. महिन्याला ६० पीपीएम क्लोरीन, म्हणजे ३६ पीपीएम सायन्यूरिक. पाणी उडतं, बॅकवॉशमध्ये जातं, ते धरून सुद्धा वर्षभरात दोनशे ओलांडणं अगदी सरळ गणित आहे. हे गणित दुकानदाराला येत नसेल असं मला वाटत नाही. आणि येत नसेल, तर मग प्रोफेशनल कशाचा?

मार्चच्या यादीत उपाय काय होता? शेवाळनाशक, क्लॅरिफायर आणि आणखी टीसीसीए.

एप्रिलमध्ये मी एक प्रयोग केला. पूलमधून एक बादली पाणी काढलं, त्याच बादलीतून दोन बाटल्या भरल्या. एक सोसायटीच्या नावाने दिली, दुसरी मित्राच्या फार्महाउसच्या नावाने, अर्ध्या तासाच्या अंतराने, त्याच दुकानात. पहिल्या रिपोर्टमध्ये क्लोरीन ०.८ आणि कठीणपणा ४१०. दुसऱ्यात क्लोरीन १.९ आणि कठीणपणा २८०. आकडे वेगळे, केमिकल्सची यादी मात्र तीच, त्याच क्रमाने. दोन बाटल्यांवरून मी संशोधन केल्याचा आव आणत नाही. पण यादी आकड्यांवरून बनत नसेल तर आकडे कशासाठी काढायचे?

यावर काका म्हणाले, "तू काय केमिस्ट आहेस का?" नाही. मी दिवसभर बॅकएंड कोड लिहितो. आणि चुकाही करतो. मे महिन्यात रात्री अकराला मी ग्रुपवर "क्लोरीन शून्य आहे, उद्या कुणी उतरू नका" असा मेसेज टाकला. पावडर टाकल्यावर पाणी गुलाबी झालंच नव्हतं. सकाळी कळलं की संध्याकाळी कंत्राटदाराने भरमसाट डोस दिला होता. क्लोरीन खूपच जास्त असलं की ते रंगच उडवून टाकतं आणि पाणी रंगहीन दिसतं. पावडरचा आणखी एक चमचा टाकून बघायला हवं होतं, तसं सूचनापत्रकात लिहिलेलंही होतं. माझी यथेच्छ खेचली गेली. अजूनही जाते.

पण ती चूक बारा तासांत सापडली, कारण पाणी समोर होतं, किट समोर होता आणि दुसऱ्याने माझ्यासमोर तीच टेस्ट पुन्हा केली. दुकानातली टेस्ट तशी पुन्हा कोण करणार? बाटली सकाळी आठला भरली, बाइकच्या डिकीत तापली, दुपारी दोनला मशीनपाशी पोचली. तोवर त्यातलं क्लोरीन घटलेलं असतं, पीएचही हललेला असू शकतो. कठीणपणा, अल्कलिनिटी, सायन्यूरिक हे प्रवासात टिकतात, ते खुशाल बाहेर तपासा. क्लोरीन आणि पीएच काठावरच तपासायला हवेत. मशीन कितीही महागाचं असो, त्याच्यात घातलेलं पाणी आता पूलमधलं पाणी राहिलेलं नसतं.

घरच्या किटने सगळं कळतं असं म्हणणाराही मी नाही. जंतू थेंबांनी दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी, पण केमिकल न विकणारी. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा आहेत. तिथे नमुन्यासाठी निर्जंतुक बाटली देतात, तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीनचं काम तिथल्या तिथे थांबवतं, म्हणजे पाणी घेतलं त्या क्षणी जंतू किती होते ते कळतं. नाहीतर बाटलीतलं क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतं आणि घाण पाणीही पास होतं. दुकानवाला आमचं 'बॅक्टेरिया टेस्टिंग'सुद्धा मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीतून करत होता.

२२० वर उपाय एकच : पाणी बदलणं. ५५ वर यायचं तर तीन चतुर्थांश पूल रिकामा करायचा. चौऱ्याऐंशी हजार लिटर. दहा हजार लिटरचे आठ-नऊ टँकर, तेही मे महिन्यात, जेव्हा आमच्याच बी विंगला दिवसाआड पाणी येत होतं आणि गेटवर टँकरसाठी रोज भांडणं होती. कमिटीच्या बैठकीत एक काकू उठून म्हणाल्या, "पोरांच्या पोहण्यासाठी एवढं पाणी गटारात सोडायचं? लाज वाटत नाही का?" मला खरंच उत्तर सुचलं नाही. त्या बरोबर होत्या. पण सुरुवातीपासून कुणी हा एक आकडा महिन्यातून एकदा मोजला असता, ५० झाल्यावर गोळ्या थांबवून द्रवरूप क्लोरीनवर आलो असतो, तर सोडायला काही लागलंच नसतं. फुकट टेस्टची किंमत ती. अडतीस हजार नव्हे, चौऱ्याऐंशी हजार लिटर.

आम्ही पूल बंद ठेवला आणि पावसाळ्यात पाणी बदललं. कंत्राट अजून त्याच दुकानाकडे आहे, कारण भाव सगळ्यात कमी आहे, आणि मी त्या मतदानात हरलो. एवढंच मंजूर झालं की तपासणी सोसायटी करेल आणि यादीतली कुठलीही वस्तू आपल्या आकड्याशिवाय घेतली जाणार नाही.

किट आता पूलशेजारच्या खोलीत स्टीलच्या डब्यात असतो, उन्हापासून लांब, कारण ही रसायनं उष्णतेने बिघडतात. तपासतो तो रजिस्टर भरणारा मुलगाच. शिकायला त्याला एक संध्याकाळ लागली. थेंब मोजताना तो ओठ हलवतो. गेल्या रविवारी सकाळी सात वाजता त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं : पीएच ७.८, क्लोरीन ०.५, पूल बंद. ग्रुपवर दुपारपर्यंत शिव्या चालू होत्या.